गेज

सातपूरला गेज रूममध्ये
एकोणीस वर्षं मी भोकं तपासते.
प्लग गेजचं एक टोक आत जायला हवं,
दुसरं जाता कामा नये.
गेलं, की तो नग लाल ट्रेमध्ये.
भांगरे मशीनवरून हात पुसत येतो,
"मॅडम, केसाएवढंच आहे, जाऊ द्या ना."
मी जाऊ देत नाही.
कंपनीत माझा दरारा आहे तो एवढ्यावरच.

आणि रात्री अडीचला,
पाथर्डी फाट्याच्या घरात, संडासाच्या गार फरशीवर बसून
मीच मला म्हणते, जाऊ दे.

ओजसच्या भूगोलाच्या वहीत कोरी पानं उरली होती,
त्यांत मी रकाने आखलेत.
बुधवार, नऊ वेळा. रक्त, हो.
गुरुवार, अकरा. "हो" लिहायचा कंटाळा आला, नुसती टिंबं.
शुक्रवार, चौदा. ताप नाही.
(गोळी घेतली होती. ताप दिसणार कुठून?)

दोन वर्षांपूर्वी अशीच घाबरून गेले होते.
पोरसवदा डॉक्टरने सलाईन लावली,
पहाटे घरी सोडलं, साडेनऊ हजार,
वर म्हणाला, ताई, टेन्शन घेत जाऊ नका.
नणंद आठवडाभर हसली.
तेव्हापासून मरणाची भीती दुसऱ्या नंबरवर.
पहिली भीती, परत पाठवतील.

आम्हाला लहानपणीच शिकवलं, पोटात ठेव.
सासरचं बोलणं पोटात, दुसऱ्याचा अपराध पोटात,
लेकरासाठी तुटतं तेही आतडंच.
एवढं सगळं जिथे साठवायचं
तिथेच जखमा झाल्या, तर बाईने
काय कुठे ठेवायचं, ते कुणी सांगितलं नाही.

शनिवार, दोन.
फक्त दोन!
श्रीरंग म्हणाला, उतार पडला बघ.
मऊ भात टाकला त्याने, वर तुपाचा थेंब.
शेजारच्या कातकाडेवहिनींनी द्राक्षं पाठवली होती,
म्हणाला, उद्या एखादं चोखून बघ.
मग तो गाढ झोपला, चार रात्रींनी.

मी जागी.
परकराची नाडी संध्याकाळपासून तीनदा सैल केली.
पोटावर टिचकी मारली,
रिकाम्या पिंपासारखं वाजलं.
कळ नाही. कळ असायला हवी होती.
घड्याळाखाली मनगट धरून मोजलं,
एकशे अठ्ठावीस, आडवी पडून.

शॉपमध्ये आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही.
पण भर शिफ्टमध्ये एखादं मशीन गप्प झालं
की सगळ्या माना एकदम वर होतात.

वहीच्या शेवटच्या पानावर वाघचौरे डॉक्टरांचे शब्द,
माझ्याच अक्षरात, पावतीच्या मागून उतरवलेले:
जास्त वेळा झाली तर फोन करा.
एकदम थांबली आणि पोट फुगलं, तर फोन नको, निघा.
स्टेरॉइड दुखणं झाकतं, आजार नाही.

किती दिवस हे पान सोडून
मी बाकीची पानं भरत होते.

श्रीरंगला उठवलं.
"सकाळी बघू का? रविवार आहे, कोण असेल तिथे?"
मी म्हटलं, लाल ट्रे.
त्याला कळलं नाही,
पण माझ्या आवाजाने तो किल्ली शोधायला लागला.
फाईल फ्रिजवर. फुलपात्र नको, पाणी नको.
ओजसला उठवू नकोस, चिठ्ठी लिही.
चिठ्ठीत काय लिहायचं यावर आम्ही
एक मिनिट भांडलोसुद्धा.

मुंबई नाक्यापर्यंत गतिरोधक किती आहेत
ते मला आता नेमकं माहीत आहे.
फेब्रुवारीची थंडी, काचा वर, रस्ता मोकळा,
द्राक्षांचे दोन ट्रक तेवढे, ताडपत्री बांधलेले.

तिथे पुन्हा एक पोरसवदा डॉक्टर.
पेन उघडून म्हणाला, काय होतंय?
एकोणीस वर्षांचा आवाज काढून मी म्हटलं,
काही होत नाहीये, डॉक्टर.
कालपासून काहीच होत नाहीये. म्हणून आले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं,
आणि पोटाला लावायच्या आधी
दोन्ही तळहात एकमेकांवर घासून
जरा गरम करून घेतले.