बादलीवरून

वाल्दिव्हियाच्या मासळीबाजारात
एलिसेओ आधी शिडी घेऊन जायचा.
वरून टिपायचा सगळं:
छत्र्या, टोपल्या, फळ्यांवर चढून बसलेले समुद्रसिंह.
माणसं नुसते ठिपके.
प्रिंट मी काढायचे. काळा म्हणजे डांबर,
पांढरा म्हणजे चुना;
मधलं काही त्याला खपायचं नाही.

मग शिडी चोरीला गेली.
तो माणसांत उतरला, इतका जवळ
की ओर्फेलिनाच्या सुरीवरचे खवले
भिंगाला चिकटून घरी यायचे.
"पूस," म्हणायचा.
पुढे पुढे म्हणेनासा झाला.

परवा सान्तियागोहून एक पोरगा आला.
वही उघडून विचारू लागला,
साठीनंतर तुमचा कॅमेरा इतका खाली का आला?
त्यामागे काय विचार होता?
एलिसेओनं पँट वर सरकवली,
सुजलेला गुडघा दाखवला.
"बादली पालथी घालून बसतो. तिथून हे दिसतं."

पोरगा हसला. लिहिलं नाही त्यानं.

मीही सांगितलं नाही,
की ती बादली तो सकाळभर हलवतो,
वीतभर इकडे, वीतभर तिकडे,
उन्हाची तिरीप बर्फाच्या चुऱ्यावर येईपर्यंत.
आणि हल्ली डार्करूममध्ये
माझ्या खांद्यामागून पुटपुटतो,
थांब, अजून थोडा राखाडी,
पहाटे नदीवर असतो तेवढा.

मी घड्याळ बघणं सोडलंय.
लाल दिव्यात कागदावर
आधी गमबूट उमटतात, मग ओली फरशी,
मग कुणाचीतरी बोटं
सुटे पैसे मोजताना.
चेहरा चौकटीबाहेरच राहतो.