तोलेदोची तयारी

गुरुवारी नळाला पाणी नसतं,
म्हणून गुरुवार तोलेदोचा.
डायनिंग टेबलावर नकाशा,
पंख्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर
लिंबाच्या लोणच्याची बरणी.
तीन बाजूंनी नदीनं कवळलेलं गाव.
तू काठाकाठानं बोट फिरवत येतोस
आणि जिथं नदी संपते
तिथं माझा हात असतो.

"सगळ्या गल्ल्या चढाच्या, सुनेत्रा.
दगडी. तुझा गुडघा?"

तेव्हापासून रोज पहाटे पर्वती.
बेचाळिसाव्या पायरीशी मी थांबते
आणि नेमकी तेव्हाच
तुझ्या बुटाची नाडी सुटते.
तुझ्या बुटांना वेल्क्रो आहे, अविनाश.

व्हिसाच्या फॉर्मात रकाना: प्रवासाचं कारण.
तू लिहिलंस, पर्यटन.
सव्वीस वर्षं पडद्यापलीकडे
आईंचा खोकला, मग मुलाची दहावी;
आपण कुजबुजतच भांडलो,
कुजबुजतच हसलो.
एकदा मोठ्यानं तुझं नाव घ्यायचंय,
अनोळखी गल्लीत, उगीच.
एवढं त्या रकान्यात मावेना.

मुलाला सांगितलंय, टूरबरोबर जातोय,
चाळीस जण आहेत.
सांगताना तुझे कान लाल झाले.
"कोण कोण?" त्यानं विचारलं.
आता पुढच्या गुरुवारी
अडतीस नावं शोधायची आहेत.