वीतभर

रात्री साडेअकराला पान सुटतं.
परभणी आवृत्ती, पान एक.
खाली बियाण्यांचं दुकान, वर आम्ही,
जिन्यात बारमाही फवारणीच्या औषधाचा वास.

त्या रात्री सेलूहून साडेगावकरचा फोन.
आखाड्यावर म्हातारा-म्हातारी, दोघंही.
कुऱ्हाड. लोखंडी पेटी उघडी.
कुत्रं भुंकलं नाही म्हणे.
कुणी केलं, विचारलं मी.
"अजून काय कळंना. पण जवळच पारधी वस्ती हाय."

पण.
त्या एका 'पण'वर मी सहा कॉलम उभे केले.
'सेलूत पारधी टोळीचा धुमाकूळ, वृद्ध दांपत्याची निर्घृण हत्या'
शेवटी एक प्रश्नचिन्ह,
वकिलाला पुरेल एवढंच.
असले शब्द टाइप करावे लागत नाहीत.
'सरा' मारलं की 'ईत' आपोआप येतं,
'टो'मागून 'ळी'.
माझ्या आधीपासून इथं नोकरीला आहेत ते.

फोटो नव्हता. फोटो तर पाहिजेच.
साडेगावकरनं मोबाइलवरून पाठवला:
पालापुढं एक बाई, हातात जर्मनचं पातेलं,
उन्हानं डोळे बारीक केलेले.
असे डोळे छापून आले की रागीट दिसतात
हे मला माहीत होतं.
खाली ओळ टाकली: संशयित वस्ती.

नवव्या दिवशी पुतण्या सापडला.
सख्खा. पंचायत समितीची कामं घेणारा.
कुऱ्हाड त्याच्याच विहिरीत निघाली.
त्याच्या बातमीत जात नव्हती,
टोळी नव्हती, गावही नव्हतं जवळजवळ.
'बांधाच्या वादातून' होतं,
'रागाच्या भरात' होतं,
'स्वभावानं मितभाषी' सुद्धा, शेजाऱ्यांच्या हवाल्यानं.
पान पाच, सरकीच्या भावाखाली.
तेही मीच लावलं.

मग ती आली.
चपला खालीच काढून जिना चढली,
सोबत चौथी-पाचवीतला पोरगा.
रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून पान काढलं,
घडी नेमकी तिच्या गालावर फाटलेली.
"ही मी हाय.
ह्याच्यात माझं नाव कुठं लिव्हलंय?"
नाव नाही, मावशी.
"मंग समद्यांनी वळखलं कसं?"

नवरा नऊ दिवस आत होता.
बोरवर हंडा लावू देत नव्हते.
पोराला मास्तर काही बोलले नाहीत,
फक्त जागा बदलली.
हे तिनं सांगितलं, रडत नाही,
वाणसामान मोजून सांगावं तसं.

मी पाचवं पान काढून दाखवलं,
हे बघा, खरं आलंय छापून.
तिनं हाताचा पंजा ताणला,
करंगळी 'सेलूत'वर, अंगठा पार 'हत्या'पर्यंत जाईना,
आणखी चार बोटं लागली.
मग पाचव्या पानावर फक्त तर्जनी ठेवली.
"हे पेरभर.
बाकीची वीत कुठं हाय?"

साहेब आत मीटिंगमध्ये होते.
चहा मागवला. तिनं घेतला नाही.
पोरगा टेबलाला टेकून वाचत होता,
नि... र्घृ... ण...
"सर, म्हंजी काय?"
ज्याला दया येत नाही तो, मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
मग मान हलवली, उत्तर बरोबर आल्यासारखी.

जाताना नाव विचारलं.
"झेलाबाई. झेलाबाई पवार.
कामून, छापताव का?"

आज परत फोन आलाय.
जिंतूर रोड, पेट्रोल पंप, रात्रपाळीचे दोघं.
"अजून काय कळंना," साडेगावकर म्हणतो, "पण..."
पान सुटायला वीस मिनिटं आहेत.
कोऱ्या सहा कॉलमवर
मी हात पसरून बघतोय.
माझी वीत तिच्याहून मोठी आहे.