शोधा मिल, लिहा पार्क

साहेबांनी चिठ्ठी दिली: मिल आता राहिली नाही,
बिलांवर नवा पत्ता यायला हवा.
'मिलमागे', 'मिलसमोर', 'जुन्या मिलची चाळ',
एकोणीस हजार खाती. हाताने केली असती तर दिवाळी आली असती.

मी एका ओळीची क्वेरी लिहिली.
नाव-पत्ता एकाच कॉलमात, पूर्वी कुणीतरी घाईत भरलेला;
त्यातलं 'मिल' शोध, तिथे 'पार्क' ठेव.
एंटर.
चहा यायच्या आत काम संपलं.
पाडायला चौदा महिने लागले होते, धुराडं धरून.

सोमवारी खिडकीशी एक बाई, बोटांना तंबाखूचा वास,
पाणीपट्टीचं बिल काचेला चिकटवून:
"हे कोण?"
उर्पार्का नरसय्या बोद्दुल.
तिच्यामागे पार्किंद तळभंडारे,
त्याच्यामागे शर्पार्का, आडनाव तेवढं शाबूत.
मशीनला अक्षरं दिसतात,
माणूस कुठे सुरू होतो ते दिसत नाही.

"पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला," बाई म्हणाली,
"बिल मात्र वेळेवर.
मिल पाडली तेव्हा मी काय बोलले का?
माझ्यातली कशाला काढली?"

मी म्हटलं, उलटं करते, दोन मिनिटं.
वडील चादरी विणायचे आमचे,
चादर उलटी टाकली तरी नक्षी तीच,
नुसते रंग एकमेकांच्या जागी बसतात.
मला वाटलं, हेही तसंच.
शोध 'पार्क', ठेव 'मिल'.
उर्मिला परत आली. मिलिंद आला.
आणि पार्क चौकातली दोनशे बारा दुकानं
उठून मिल चौकात गेली.

बॅकअप जुना, अर्धा.
मग रात्री साडेनऊपर्यंत छापील यादी पुढ्यात घेऊन
एकेक ओळ. मागावर धागा तुटला की
वडील वाकायचे, थुंकी लावायचे, गाठ मारायचे,
आणि तोवर कुणाशी बोलायचे नाहीत.

एक खातं सुटलं.
जब्बार सायकल मार्ट, मिल चौक.
म्हातारा बिल घेऊन आला, मी दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवला.
त्याने चष्मा कपाळावर नेला, बिल डोळ्यांजवळ धरलं,
घडी घालून खिशात ठेवलं.
"पंक्चर काढले ते सगळे मिलवालेच होते की," म्हणाला.
"ऱ्हाऊ द्या."

अर्ज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
तारीख घातलेली. सही नाही.