मुद्रितशोधन

चूक माझीच.
एका हातात पोराचा डबा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने
इमारतीच्या ग्रुपवर एका दमात लिहून टाकलं:

अण्णा गेले आज पहाटे गावाला कळवलं आहे सेक्रेटरींना पण टाकीची चावी माझ्याकडे आहे

आणि फोन उपडा ठेवून डब्याचं झाकण दाबत बसले.

मुगभाटातल्या आमच्या जिन्यात बातमीलाही धाप लागते.
ही धापेशिवाय चढली.
पावणेआठला दुसऱ्या मजल्यावरच्या सामंतकाकू
पांढरी साडी नेसून दारात,
मागे जावई, खांद्यावर पंचा,
हळू आवाजात म्हणाला, बांबू सांगितलेत.

गावाला हो, गावाला! मी ओरडले,
अण्णा परळहून साडेपाचच्या एस.टी.त बसलेत, खिडकीशी!
पण तोवर सत्तावीस श्रद्धांजल्या
त्या गाडीच्या मागे लागल्या होत्या.

माणगावला त्यांना रेंज आली.

एकोणचाळीस वर्षं गिरगावातल्या छापखान्यात
लोकांच्या लग्नपत्रिका, बाराव्याच्या चिठ्ठ्या, सहामाहीचे पेपर
तपासून पुढे सोडलेला माणूस.
भज्यांचा कागदसुद्धा पेन्सिल घेऊन वाचतो.
त्याने स्वतःचं मरण वाचलं,
चष्मा पुसला असेल,
आणि कामाला लागला.

सामंत, दुखः नव्हे, दुःख. ती दोन टिंबं मधली आहेत.
शेवटी टाकलीत तर दुःख उरकल्यासारखं वाटतं.

चि. तन्मेश, चिरशांतीतली चि ऱ्हस्व.
चीर म्हणजे फट. मला फटीतली शांती नको.

श्रद्धांजली. द ला ध जोडायचा.
तुम्ही सतरा जणांनी ध ला द जोडला आहे.

भावपूर्णमधला पू दीर्घ. भाव तोकडा पडतोय.

ग्रुपवर सामसूम.
मेलेल्या माणसाने चूक काढली तर काय पाठवायचं,
त्याचं चित्र अजून फोनमध्ये आलेलं नाही.

मग तळमजल्यावरचे हणमंत भुवड,
हल्ली मुलीकडे कुर्ल्याला असतात,
त्यांना वरचं काहीच वाचायचं सुचलं नव्हतं.
शाळा तिसरीपर्यंत. पुढे सगळी हयात
त्याच छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली,
उलट्या अक्षरांवर बोट फिरवून सुलटं वाचण्यात.
त्यांनी लिहिलं:

केळूसकर साहेब तूमी गेलात आता माज्या चूका कोन काडनार

मी मोजायला लागले. सातव्या चुकीवर थांबले.

अण्णांच्या नावाखाली 'लिहीत आहे' उमटलं.
पुसलं.
पुन्हा उमटलं.
लोणेरे गेलं असेल एव्हाना, कदाचित महाडसुद्धा.
ज्या माणसाला सतरा जणांचा ध दिसला
त्याला हे दिसलं नसेल असं नाही.

बऱ्याच वेळाने आलं:

हणमंत, मी आहे.

एवढंच. दुरुस्ती एकही नाही.
हाकेनंतरचा स्वल्पविराम मात्र जागेवर,
आणि शेवटी ते एक टिंब.
कुर्ल्याहून उत्तर आलं नाही.
संध्याकाळी भुवडांची मुलगी म्हणाली,
बाबा फोन छातीशी धरून झोपलेत.

मला वेगळं लिहिलं होतं, ग्रुपबाहेर:

पूर्णविराम 'गावाला'च्या पुढे.
अलीकडे पडला तर मी मेलो.
पलीकडे पडला तर कणकवलीला उतरतो.
पाणी सोडलंस का?

चावी माझ्या कमरेला. टाकी अजून बंदच.
आणि सामंतकाकू पांढऱ्या साडीत जिन्यातून विचारत होत्या,
आता आंघोळ करायची की नाही करायची,
ते एकदा नीट लिहून टाक गं बाई.