अर्धा मिनिट पुढे

घड्याळ उघडायचं तर पंखा बंद.
मे महिना असो, बडोद्याचा,
रावपुऱ्याचं डांबर चपलेला चिकटत असो,
कपाळाला पंचा बांधून मी बसते
आणि श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडते.

समोरच्या स्टुलावर ध्रुमन मजमुदार,
शर्ट पाठीला चिकटलेला.
हे त्यानं जिनिव्हाच्या लिलावात घेतलं.
किंमत सांगताना आवाज खाली आणला,
मोठ्या आजाराचं नाव घेताना आणतात तसा.
पांढरी तबकडी. आकडे नाहीत, तारीख नाही,
सेकंदकाटासुद्धा कुणीतरी विचार करून वगळलेला.
दोन काटे, भुवईतून गळालेल्या केसांसारखे.
म्हणाला, "यात जे नाही ना, काकी, त्याचेच पैसे."
म्हटलं, "माझं बिल जे आहे त्याचं होतं."

हसला. मुलगा चांगला आहे.
घरी तिजोरीत अशी चौदा आहेत म्हणे,
दर रविवारी सगळ्यांना चावी देतो,
गोठ्यात वैरण टाकावी तसा, ओळीनं.

"हे आजवर कुणी उघडलेलं नाही. कागद आहेत."

मामंजी सांगत: चावी दोन बोटांनी,
तिसरं लागलं की माणूस जोर करतो.
नवरा फर्टिलायझरमध्ये लागला,
भोंग्यावर जेवायला नि झोपायला लागला,
म्हणून हा चिमटा माझ्याकडे आला;
नाहीतर सुनेच्या हाती कोण देतं
परक्यांचा वेळ?
पहिलं वर्ष नुसते स्क्रू वेचले,
मोहरीहून बारीक, पितळी ताटात सांडलेले.
एकदा शिंकले.
तो स्क्रू अजून या दुकानात आहे कुठेतरी.

झाकण उचकटलं.
आत यंत्र, रुपयाच्या नाण्याएवढं पातळ,
तेल सुकून डिंक झालेलं,
आणि झाकणाच्या पोटात, सुईनं कोरलेल्या
दोन ओळी. मोडीत.

ते वळण मी ओळखते.
इथल्या प्रत्येक खणावर तेच आहे:
काटे, काचा, खडे, उधारी.
उधारीचा खण वाचता यावा म्हणून तर शिकले मी मोडी.

"काय आहे?" ध्रुमन वाकला, सावली यंत्रावर.
वाचलं:
मार्च अडुसष्ट. तेल दिले.
दिवसास अर्धा मिनिट पुढे. मालकांस चालते.

तो गप्प. मग साहजिकच आधी हिशेब,
यामुळे किती उतरेल, पुसून मिळेल का,
पॉलिश मारलं तर कळेल का.
मग फोनवर फोटो. मग तो बोटांनी मोठा करत
बराच वेळ बघत राहिला.
"मालक कोण?"

अडुसष्टची वही आहे. मार्च वाळवीनं खाल्ला.
फेब्रुवारीत एक भिंतीवरचं, दोन गजराची,
आणि कुणा चिटणिसांचा पट्टा, सव्वा रुपया, बाकी.

असेल कुणीतरी या गावात,
कचेरीत, स्टेशनावर, एखाद्या दाराशी
थोडं आधी पोचायची सवय झालेलं.
मला नवल त्याचं नाही.
रेडिओच्या पिपिपीला दुकान लावणारा माणूस,
पोळी लांबली तर काही न बोलता
नुसतं घड्याळाकडे बघणारा,
त्यानं कुणाचा तरी अर्धा मिनिट
बोट न लावता तसाच राहू दिला.
वर लिहूनही ठेवलं, पुढच्याला कळावं.
पुढची मी.

सगळं सुटं केलं, धुतलं, वाळवलं.
सुईच्या टोकावर येईल तेवढंच तेल.
तीन तास. ध्रुमन उठला नाही,
चहाही आत आणू दिला नाही मी, वाफ नको.
चावी दिली, दोन बोटांनी.
चाक डगमगलं, मग धरलं त्यानं,
सेकंदाला पाच ठोके.
मशीनवर लावून पाहिलं:
दिवसाला एकतीस सेकंद पुढे.
अजूनही.

पट्टी केसभर मागे सरकवली की झालं.
चिमटा तिथवर नेला.

"ध्रुमन, तुला चालतं का रे?"

तो उत्तर द्यायला पुढे झुकला,
हनुवटीवरचा घामाचा थेंब सुटायच्या बेतात.
मी घाईनं यंत्रावर
काचेची वाटी पालथी घातली.