शेवटचं नीट कधी बोलले?

कंपूच्या दवाखान्यात, धुक्यानं काचा आंधळ्या झालेल्या,
डॉक्टर तोमर मला एकच विचारत होते,
घड्याळाकडे बघत, पुन्हा पुन्हा:
हे शेवटचं नीट कधी बोलले?

आता काय सांगू.
मंगळवारपासून आमचा अबोला.
गीझरवरून.
दहा मिनिटांत बंद म्हणजे बंद, असं ह्यांचं;
आणि माझी हाडं
ग्वाल्हेरच्या थंडीत चाळीस वर्षं मुरलेली.

सकाळी चहा पुढे सरकवला.
हे कपाकडे बघत राहिले.
उजवा हात मांडीवर,
कुणी विसरून गेल्यासारखा.
मी मनात म्हटलं, बसा. मीही नाही बोलणार.
चहावर साय धरली
तेव्हा कुठे तोंडाकडे पाहिलं.
ओठ एका बाजूनं उतरलेला.

साडेचार तास, डॉक्टर म्हणाले,
शेवटच्या धड क्षणापासून.
त्यापुढे हेच औषध मेंदूत रक्त उतरवेल.
आणि माझ्याकडचा धड क्षण
मंगळवारचा.

मग दूधवाला आठवला.
फोनवर म्हशी, बादल्या, खोकला,
आणि मग रामसेवक:
बाऊजी? सवा छह बजे मिले थे।
बोले, आज पानी में थोडा दूध भी डाला है क्या?
तो हसला.
मी तिथेच, स्ट्रेचरच्या दांडीला धरून रडले,
कारण वाक्य पुरं होतं.
कर्ता, क्रियापद, टोमणा,
सगळं जागच्या जागी.

सव्वासहा, डॉक्टरांनी लिहिलं.
भिंतीवर नऊ वाजून पाच.

सीटीत रक्तस्राव नव्हता. वजन केलं, बासष्ट भरलं;
मला हे कायम अठ्ठावन्न सांगायचे.
मी सही करत होते, तोमर बोटांत बोटं गुंतवून दाखवत होते:
गुठळी म्हणजे धाग्यांचं जाळं, आई.
औषध ते तोडत नाही.
त्या जाळ्यातच एक कात्री विणली गेलेली असते,
रक्ताचीच, मिटलेली.
हे फक्त ती उघडतं.

थोडं एका दमात टोचलं,
उरलेलं तासभर, थेंबाथेंबानं.
दर पंधरा मिनिटांनी पट्टा दंड आवळायचा, सोडायचा.
हिरडीतून जरा रक्त आलं.
पहिली सुई चुकली होती तिथे
जांभळा डाग पसरत गेला:
कामाची गाठ कुठली, घाताची कुठली,
कात्रीला काय कळतं.

साडेदहाला अंगठा हलला.
अकराच्या पुढे जीभ चाचपडू लागली,
दिवे गेल्यावर भिंतीवरची खुंटी शोधावी तशी.
गी, म्हणाले.
गी.
सिस्टर वाकून म्हणाली, गीता? गीता कौन है, अंकल?

मला कळलं होतं.
चालूच आहे, मी म्हटलं.
सकाळपासून.